माथेरानची गाडी आणि कसारा घाट: घरच्या आठवणी आणि जुने फोटो सांगा

गोदाकाठची

पंचवटीतलं जुनं घर रिकामं करतोय. परवा माळ्यावरून आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली. वर विजेची बिलं, त्याखाली पंचांगं आणि तळाशी काळ्या जाड पानांचा अल्बम, पानापानात बटर पेपर. आवराआवर राहिली बाजूला, मी तिथेच फतकल मारून बसले.

एक फोटो नेरळच्या फलाटावरचा आहे. चौकोनी, पांढऱ्या कडांचा. आजोबा कोट-टोपीत, उन्हानं डोळे बारीक झालेले. आजीचा पदर डोक्यावरून, हातात कडीचा पितळी डबा. आत्याच्या दोन वेण्या, त्यातली एक रिबीन सुटून खांद्यावर आलेली. मागे माथेरानच्या गाडीचा इवलासा डबा. आणि अगदी कडेला हाफ चड्डीतला एक मुलगा उभा आहे, हात पाठीमागे बांधून. तो कोण, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. फोटोमागे काही लिहिलेलं नाही.

तेव्हापासून डोक्यात तेच. मला वाटतं नाशिककरांना माथेरानला जाताना जे मिळतं ते मुंबईकरांना मिळत नाही. आपल्याला एका दिवसात दोन घाटांतली रेल्वे मिळते. आधी इगतपुरी ते कसारा, १८६५ पासूनचा थळ घाट म्हणजेच कसारा घाट, मोठ्या गाडीत बसून उतरायचा. मग कल्याणला गाडी बदलून कर्जत लोकलनं नेरळ, आणि तिथून १९०७ सालच्या दोन फुटी रुळांवरून पुन्हा चढायचं. आमच्या घरी तर माथेरानपेक्षा या जाण्याच्याच गोष्टी जास्त सांगितल्या जायच्या.

तुमच्याकडे काय काय आहे? दोन्हीपैकी कुठल्याही घाटाचं चालेल. फोटोत कोण आहे तेही सांगा आणि फोटो काढला कुणी तेही.

देवळालीकर

वा, काय विषय काढलास ताई! पंचवटी एक्स्प्रेस, खिडकी, आणि इगतपुरी सुटलं की आम्हा भावंडांची मारामारी. बोगदा आला की अख्खा डबा ओरडायचा. मोठी माणसंसुद्धा. आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढायची ती बरोबर घाटात, आधी मागितली तरी द्यायची नाही.

फोटो एकही नाही. कॅमेराच नव्हता घरात.

चिवडाप्रेमी

सेम पिंच. आमच्याकडे दशमीऐवजी चिवडा. नाशिक सोडायच्या आतच अर्धा डबा रिकामा.

इगतपुरीची_लेक

माझं अख्खं बालपण त्या घाटाच्या तोंडाशी गेलं, म्हणून थोडं मोठं लिहिते. वडील बँकरवर, म्हणजे घाटात गाडी मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, ड्रायव्हर होते. बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते, कसाऱ्याहून इगतपुरीला येताना चढ १ : ३७ आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्यावर हे काहीच नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे रेल्वेसाठी हा फार मोठा चढ. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, ती ढकलत वर आणतात. इगतपुरीला सुटतात आणि पुन्हा खाली कसाऱ्याला, पुढच्या गाडीसाठी. बाबांचं आयुष्य असं वर-खाली गेलं. आम्ही म्हणायचो, आमचे बाबा रोज मुंबईच्या गाडीत असतात पण मुंबईला कधीच पोचत नाहीत.

रात्री पुढच्या इंजिनाची शिट्टी झाली की मागून उत्तर यायचं. आई झोपेतही ओळखायची. "आले वर," म्हणायची आणि उठून स्टोव्ह पेटवायची. पावसाळ्यात धुकं इतकं असायचं की क्वार्टरच्या दारातून समोरचा नळ दिसायचा नाही, पण शिट्टी ऐकू यायची.

आजोबासुद्धा रेल्वेतच. त्यांच्या वेळी घाटात मालगाड्यांना ते लांब नाकाचं विजेचं इंजिन असायचं, सगळे त्याला खेकडा म्हणत. मुंबईला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक ठेवलंय, मुलांना घेऊन गेले होते मुद्दाम. मुलं वैतागली, मी त्याला हात लावून उभी.

फोटो एकच आहे. बाबा शेडमध्ये इंजिनाच्या पायरीवर, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात चहाचा किटलीवजा डबा. चेहरा अर्धा काळा आलाय, तेलानं की सावलीनं कळत नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई तो फोटो देवघराशेजारी ठेवते.

गोदाकाठची

@इगतपुरीची_लेक अंगावर काटा आला. "आले वर" हे शब्द डोक्यातून जात नाहीयेत. काकूंना नमस्कार सांग माझा.

सातपूर_सेकंडशिफ्ट

माथेरानची गाडी सध्या चालू आहे का पण? मधे बंद होती ना

रेल्वेवेडा

@सातपूर_सेकंडशिफ्ट बंद-चालू असं बऱ्याचदा झालं. २००५ च्या जुलैमधल्या पावसानं मार्ग वाहून गेला, २००७ मध्ये पुन्हा सुरू. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरले म्हणून बंद, मग हळूहळू सुरू. २०१९ च्या पावसात परत दरडी आणि रूळ वाहून गेले, नेरळपासून पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. पावसाळ्यात नेरळहून गाडी नसते, फक्त वरची अमन लॉज ते माथेरान शटल असते. जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, आणि निघण्याआधी वेळापत्रक बघून घ्या.

@गोदाकाठची फोटोबद्दल. चौकोनी आहे म्हणजे १२० चा रोल, एका रोलवर बारा फोटो. क्लिक थ्री असेल किंवा त्याआधीचा एखादा बॉक्स कॅमेरा. इंजिन दिसतंय का कुठे? धुराडं असेल तर ८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या आधीचा, कारण तोपर्यंत वाफेची इंजिनं होती. पण नुसतं डिझेल दिसलं म्हणून फोटो अलीकडचा असं समजू नका, डिझेल त्या मार्गावर पन्नाशीच्या दशकातच आलं होतं. बरीच वर्षं दोन्ही चालायची.

गोदाकाठची

नाही हो, नुसता डबा. आणि डब्याच्या खिडकीतून कुणाचं तरी कोपर बाहेर आलंय. आत्या पुण्याला असते, आज रात्री फोन करते तिला.

वणीची_वाट

माझ्या मामांकडे क्लिक थ्री होता!! बारा फोटो म्हणजे सगळ्यांनी श्वास रोखून उभं राहायचं. मामा "हलू नका" म्हणून ओरडायचे आणि बाळ हमखास रडायचं. आमच्या घरच्या प्रत्येक सहलीच्या फोटोत एक रडणारं बाळ आहे, दर वेळी वेगळं.

प्रेसकॉलनी

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. सुट्टीत सगळी कॉलनी मिळून माथेरानला गेलो होतो, चार-पाच घरं एकदम. नेरळला तिकिटाची रांग पहाटेपासून. बाबा आणि शेजारचे काका रांगेत, आम्ही पोरं सामानावर.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेत ते ब्रेकवाले. डब्यांच्या मधे बसलेले असायचे, उतरताना इंजिनाची शिट्टी झाली की हातानं ब्रेकचं चाक फिरवायचे. आमच्या डब्याजवळचे होते ते वयस्कर, पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल मातीनं माखलेला रुमाल. तिथली माती अशी लाल की परत येईपर्यंत सगळ्यांचे कपडे आणि भुवयासुद्धा त्याच रंगाच्या. मी त्यांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? म्हणाले, "भीती वाटली म्हंजी ब्रेक नीट लागतो." आईनं त्यांना खिडकीतून दोन लाडू दिले. त्यांनी एक खाल्ला आणि एक रुमालात बांधून ठेवला, घरी नातवाला म्हणून.

त्यांचा फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही. सगळे रोल पॉइंटांवर संपले. पॅनोरमा पॉइंट, लुईझा पॉइंट, शार्लोट तलाव. आज त्या फोटोंकडे कुणी बघत नाही, दरीच दरी नुसती.

देवळालीकर

@प्रेसकॉलनी खरंय. माणसांचे फोटो काढायला हवे होते. दरी काय, आजही तिथेच आहे.

कढीपत्ता

वन किस टनेल कोणी लिहिणार की मीच लिहू

वणीची_वाट

लिही लिही, तुझीच वाट बघतोय सगळे

कढीपत्ता

अख्ख्या मार्गावर एकच बोगदा, तोही एवढासा, म्हणून ते नाव. आईबाबांचं लग्न झाल्यावर दोघं माथेरानला गेले, सोबत आजी आणि लहान काका! तेव्हाची पद्धत. बोगदा आला तेव्हा आजी मधे बसलेली. आई हे इतक्या वेळा सांगायची आणि दर वेळी बाबा उठून बाहेर जायचे.

बाबा मागच्या वर्षी गेले. आई हल्ली फार बोलत नाही. परवा मी सहज विषय काढला तर म्हणाली, "त्यांनी उतरताना मला खिडकीजवळ बसवलं होतं. एवढंच." मग बराच वेळ गप्प. त्या प्रवासाचा फोटो आहे, काकांनी काढलेला. आई-आजी दिसतात आणि बाबांचा नुसता खांदा.

इगतपुरीची_लेक

@कढीपत्ता तुला आणि आईला सांभाळ ग. तो खांदासुद्धा मोठा करून घे. खरंच सांगतेय.

प्रेसकॉलनी

कढीपत्ता, मनापासून सहवेदना. आईंना बोलतं करत राहा, जमेल तसं.

आडगावचा_मळा

विषयांतर होतंय पण ऊटीची गाडी कोणी केलीये का? द्राक्षाचा हंगाम आटोपला की आम्ही सगळे भाऊ बायका-पोरांसकट बाहेर पडतो, एकदा तिकडे गेलो होतो. मेट्टुपालयमहून निघते. मधल्या चढाला रुळांच्या मधे दातेरी पट्टी आहे, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर जातं, कल्लार ते कुन्नूर. इंजिन मागून ढकलतं. चढ तर १ : १२ म्हणे. आमच्या थोरल्या भावाला ते इतकं आवडलं की प्रत्येक स्टेशनला उतरून दात बघायचा. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस तो.

रेल्वेवेडा

@आडगावचा_मळा बरोबर, १ : १२ च. माथेरानला दातेरी पट्टी नाही आणि चढ १ : २० पर्यंत आहे. तो नुसत्या वळणांनी जिंकलाय. म्हणून एकवीस किलोमीटरला दोन तासांहून जास्त लागतात. जुनी वाफेची चार इंजिनं जर्मनीहून आणली होती, ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. वळणावर चाकांना थोडं सरकता यावं म्हणून त्यांच्या आसांची रचना खास केलेली. त्यातलं ७३८ नंबरचं दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, ७४० तर इंग्लंडला गेलं.

आणि हे सगळं एका घरानं बांधलं, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. वडील सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला. १९०४ ते १९०७, तीन वर्षांत पूर्ण. सरकारनं बांधलेली नाही ती. माझ्या मते महाराष्ट्रात शाळेच्या पुस्तकात हे यायला हवं, शिमला-दार्जिलिंग आपण पाठ करतो आणि शेजारचं माहीत नसतं.

चिवडाप्रेमी

+१ शेवटच्या वाक्याला

मेनरोड_जुना

तुम्ही गाड्यांबद्दल बोलताय म्हणून. आमच्या पणजीबाई सांगायच्या, नाशिकरोड स्टेशनवरून गावात यायला घोड्यांची ट्राम होती. पाहुणे ट्रामनं मेनरोडला उतरायचे आणि तिथून चालत घरी. मला लहानपणी ती थाप वाटायची, आपल्या नाशकात ट्राम! नंतर जुना फोटो बघितला आणि पणजीबाईंची आठवण येऊन डोळे भरले.

सातपूर_सेकंडशिफ्ट

ट्राम खरंच होती?? हे माहीतच नव्हतं. आता द्वारका चौकात तास तास अडकतो आपण

मेनरोड_जुना

होती. फोटो आमचा नव्हे, एका परिचितांकडे पाहिला. आमचे स्वतःचे सगळे अल्बम २००८ च्या पुरात गेले. भांडी बाजाराच्या मागे घर. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या वर चढल्याचं कळलं तेव्हा आम्ही धान्य, कागदपत्रं, टीव्ही वर हलवलं, अल्बमचं कपाट खालीच राहिलं. त्यात वडिलांचे माथेरानचे फोटो होते, घोड्यावर बसलेले. पाणी ओसरल्यावर पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. वडिलांनी ती वीट बरेच दिवस उन्हात ठेवली.

गोदाकाठची

काका, वाचून गलबलून आलं. आमच्याही गल्लीत तेव्हा पाणी होतं, आमची पेटी माळ्यावर म्हणून वाचली.

रानजाई

मी कागद आणि फोटो टिकवण्याचं काम करते म्हणून मधे बोलते. मेनरोड काका, असे ओले अल्बम कडक उन्हात ठेवायचे नसतात, पण तेव्हा हे कोण सांगणार होतं. भिजलेले फोटो सुकायच्या आत स्वच्छ थंड पाण्यात हळूच सुटे करतात आणि सावलीत टिपकागदावर, चित्राची बाजू वर ठेवून वाळवतात. एकदा चिकटून वाळले की फार अवघड.

बाकी सगळ्यांनी हे आजच करा. काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवलेले जुने अल्बम चांगले असतात, त्यांना हात लावू नका, बटर पेपर काढू नका. धोका आहे तो नंतरच्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बमना. तो डिंक पिवळा पडतो आणि फोटो खातो. त्यातले फोटो ओढून काढायचे नाहीत. निघत नसेल तर दातांच्या फटी साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरी नाही निघाला तर आहे तसाच मोबाइलवर टिपून घ्या, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, कडेला, दाब न देता. पेननं नको, शाई पुढे फुटते.

आणि नावं लिहाच. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फोटोंत "हे कोण" याला उत्तर द्यायला कुणी उरलेलं नसतं.

वणीची_वाट

बाप रे. आमचे सगळे चिकट पानांचेच आहेत. आज रात्रीच बसते. धन्यवाद ताई

चिवडाप्रेमी

डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर चालतात का अल्बममध्ये? आई ठेवते

रानजाई

नको. फोटोंजवळ अजिबात नको. कोरडं कपाट पुरतं, भिंतीला टेकून नको, जमिनीवर नको.

गोदाकाठची

आत्याशी बोलले!! तासभर. लिहायला घेतलं आणि कुकर झाला, म्हणून उशीर.

तिला सगळं आठवतंय. ती दुसरीत होती, जन्म १९५४ चा, म्हणजे साल ६१-६२ धरा. @रेल्वेवेडा, इंजिन वाफेचंच होतं. खिडकीतून डोकं बाहेर काढलं म्हणून तिच्या डोळ्यात कोळशाचा कण गेला आणि आजीनं पदराला पीळ देऊन टोकानं काढला. जुम्मापट्टी येईपर्यंत ती रडत होती म्हणे. वॉटर पाइप स्टेशनला गाडी थांबली तेव्हा इंजिनाला पाणी भरताना बघायला आजोबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि मग ती गप्प झाली.

आणि तो मुलगा! तो आमचा कुणीच नाही. कसारा घाटात समोरच्या बाकावर सिन्नरचं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे कॅमेरा. नेरळपर्यंत ओळख वाढली, आजीनं त्यांना पुरणपोळ्या दिल्या. फोटो त्या गृहस्थांनी काढला आणि त्यांचाच मुलगा पळत येऊन कडेला उभा राहिला. महिन्याभरानं पाकिटातून फोटो पंचवटीत आला. आजोबांनी उलट पोस्टानं त्यांना मनुके पाठवले. आत्याला त्यांचं नाव आठवत नाही, त्या काकूंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवतात.

रेल्वेवेडा

वा!! ६१-६२, वाफेचं. फार आनंद झाला. कोळशाचा कण ही सगळ्यात भक्कम साक्ष.

देवळालीकर

म्हणजे सिन्नरच्या कुठल्या तरी घरात याच रोलचे उरलेले फोटो असणार. त्यात तुमचे आजी-आजोबा असतील आणि ते लोक म्हणत असतील हे कोण!

प्रेसकॉलनी

आमचे व्याही सिन्नरचे. जुनी मंडळी आहेत घरात, विचारून बघते. फोटो मला निरोपातून पाठव.

गोदाकाठची

पाठवला. त्या मुलाचा चेहरा मोठा करून वेगळाही पाठवलाय. आता सत्तरीच्या आसपास असतील ते.

आडगावचा_मळा

मनुके कुठले होते ते पण विचारा आत्याला

कढीपत्ता

हे वाचून आईला अल्बम दाखवला आत्ता. तिनं काकांना फोन लावायला सांगितलाय, त्यांच्याकडे त्या ट्रिपचे अजून फोटो आहेत म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. रानजाई ताई, तुम्ही नाशकातच असता का? फोटो नीट स्कॅन करून द्याल का?

रानजाई

हो, कॉलेजरोडला. शनिवारी दुपारनंतर ये, आईंनाही घेऊन ये. अल्बम सपाट ठेवून आण, पिशवीत उभा नको. वणीची वाट, तुम्हीही या, चिकट पानांचं काम समोर बसून दाखवते.

वणीची_वाट

येते. काय आणू खायला?

चिवडाप्रेमी

हे काय विचारणं झालं